तुम्ही विचारलंत म्हणून: पूल हिरवा का नाही रंगवला?

मी स्ट्रक्चरल इंजिनीअर आहे, छोटे पादचारी पूल जास्त करते. एखाद्या वन उद्यानातला पूल माझा आहे असं कळलं की लग्नात, गेट-टुगेदरला, परवा तर डेंटिस्टकडे तोंड उघडं असतानासुद्धा एकच प्रश्न येतो, "निसर्गात मिसळून जायला हवा ना, मग हिरवा का नाही रंगवलात?" आतापर्यंत हसून सोडून देत होते. पण तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते, थोडं लांबेल.

पहिलं म्हणजे, कुठला हिरवा? आपल्याकडच्या टेकड्या चार महिने हिरव्या, त्यातही जुलैचा पोपटी वेगळा आणि सप्टेंबरचा गडद वेगळा, दिवाळीनंतर गवत पिवळं पडतं आणि मार्च-एप्रिलमध्ये सगळं तपकिरी नाहीतर वणवा लागून काळं. शेड कार्डवरचा हिरवा यातल्या एकाही महिन्यात सापडत नाही. तो फक्त बागेतल्या बाकांवर नि कचरापेट्यांवर असतो, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला आधी पूल दिसतो आणि मग टेकडी.

त्याहून वाईट म्हणजे सिमेंटचं लाकूड. बघितलंच असेल तुम्ही, काँक्रीटचा कठडा, त्यावर खिळ्याने रेघा ओढून सालीचा भास, वर चॉकलेटी रंग आणि एका टोकाला झाडाच्या खोडाची कचरापेटी. मुलांना आवडतं, माझ्याही मुलीला आवडतं, घरात यावर वाद झालेत. पण मला ते खोटे दागिने घालून शेतावर गेल्यासारखं वाटतं.

माझं आजोळ कोकणात. घर आणि रस्ता यांच्या मध्ये व्हाळ, म्हणजे ओढा, आणि त्यावर साकव. आता साकव म्हटलं की कागदोपत्री आरसीसीचा छोटा पूल, पण तेव्हा पोफळीचे चार ओंडके शेजारी शेजारी, मध्ये मध्ये दोरीने आवळलेले, धरायला एका बाजूला बांबू. पाय ठेवला की जरासा दबायचा, आणि पावसात ओंडक्यावर शेवाळ आलं की आजी राख टाकायची. हा साकव काही लपलेला नव्हता, चांगला दिसायचा. पण होता बरोबर तिथे जिथे व्हाळ अरुंद होतो आणि दोन्ही काठांना कातळ आहे, कारण ओंडकाच तेवढा लांब! पोफळीच्या उंचीने जागा ठरवली होती, कुणाच्या ड्रॉइंगने नाही. आख्ख्या इंजिनीअरिंगच्या शिक्षणात मला याहून जास्त काही कळलंय असं मला वाटत नाही.

आता माझा पूल. टेकडीवरचं वन उद्यान, मधून ओढा. आमच्याकडे आलेल्या प्लॅनमध्ये पूल गेटच्या सरळ रेषेत दाखवलेला, कारण कमान, मग पूल, मग फोटो. तिथे ओढा सगळ्यात रुंद, 30 मीटर तरी. मी दोन दिवस तिथल्या गार्डमामांबरोबर काठाने फिरले, ते म्हणाले मॅडम शेळ्या कुठून जातात ते बघा. शेळ्या वरच्या अंगाने जात होत्या, तिथे दोन्हीकडे काळा खडक वर आलेला आणि अंतर 18 मीटर. मध्ये खांब नको म्हणजे पुराचं पाणी आणि त्यातून येणारे ओंडके अडायला काही नाही. फक्त पायवाट जराशी वळवावी लागली. हे "जराशी वळवावी लागली" मान्य करून घ्यायला चार मीटिंगा लागल्या.

मग जाडीची भानगड. ही लोकांना माहीत नसते म्हणून सांगते. 18 मीटरचा गर्डर, म्हणजे पुलाचं वजन पेलणारी लांब तुळई, चालणाऱ्याच्या पायाखाली ठेवला तर तो पाऊण मीटरभर खोल होतो. पुराच्या पातळीच्या वर मोकळी जागा सोडावी लागते, म्हणजे गर्डरचा तळ त्याच्या वर, चालायची पातळी त्याच्याही वर, मग तिथपर्यंत चढायला दोन्ही बाजूंना रॅम्प, रॅम्पला भिंती, भिंतींना भराव, आणि बघता बघता नाजूक पुलाच्या दोन्ही टोकांना दोन काँक्रीटचे हत्ती बसतात. डोळ्यात खुपतो तो पूल नाही, हे हत्ती. म्हणून आम्ही कठड्यालाच गर्डर केलं. कठडा तसाही साधारण 1.1 मीटर उंच लागतोच, तर तोच वजन उचलू दे. पायाखाली मग फक्त 20 सेंटीमीटर राहिले, रॅम्प गेला, पूल खडकावरून सरळ खडकावर. पायासाठी खोदकाम जवळजवळ नाहीच, खडकात भोकं पाडून सळया ग्राउटमध्ये, म्हणजे सिमेंटच्या पातळ मसाल्यात, बसवल्या. एका टोकाला जुनं उंबर आहे, त्याची मुळं सांभाळायला तिकडचा आधार दीड हात सरकवला, त्यामुळे पूल ओढ्याला अगदी काटकोनात नाही. कुणाच्या लक्षात येत नाही, मला मात्र दर वेळी आनंद होतो.

बारीक करायचं म्हणजे कुठवर, यालाही मर्यादा आहे. आमचा पूल दीड मीटर रुंद, म्हणजे 27 चौरस मीटर, आणि गर्दीचं वजन चौरस मीटरला 500 किलो धरायचं, झाले साडेतेरा टन. एवढ्याशा पुलावर कोण उभं राहणार असं मीटिंगमध्ये कुणी म्हणालं की मी एकच नाव घेते, पुण्याजवळचं कुंडमळा. 15 जून 2025, इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल, पावसाळी रविवार, पर्यटकांची गर्दी, पूल कोसळला, चार जण गेले. माणसं पुलावरून चालत नाहीत हो, थांबतात, आणि सगळी एकाच कठड्याला टेकून धबधब्याकडे तोंड करून. त्याच वर्षी मुंबईत मलबार हिलला झाडांमधून जाणारी 485 मीटरची उंचावरची पायवाट सुरू झाली, तिथे ऑनलाइन स्लॉट घ्यावा लागतो. वैताग येतो खरा, पण मला तो डिझाइनचाच भाग वाटतो.

दुसरी भीती हलण्याची. आपण सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो, आणि बारीक पुलाची स्वतःची लय त्याच्या जवळ आली की तो आपल्याबरोबर नाचायला लागतो. लंडनचा मिलेनियम ब्रिज 2000 साली उघडल्यावर दोन दिवसांत चालणाऱ्यांच्या पावलांमुळेच बंद करावा लागला होता, तो आडवा झुलत होता.

पण बारीक म्हणजे काय ते बघायचं तर स्वित्झर्लंडमध्ये व्हिया मालाच्या घळीत इंजिनीअर युर्ग कॉन्झेट यांनी 1999 मध्ये केलेला सुरान्सुन्सचा पूल बघा. 40 मीटर, आणि चालायला चक्क तिथल्याच आंदेर गावाच्या दगडाच्या फरश्या! खाली पोलादी पट्ट्या ताणून त्या फरश्या एकमेकींवर इतक्या घट्ट दाबल्यात की सगळी रांग एका तुकड्यासारखी वागते. मध्ये दोरीसारखा हलकासा झोळ. हिरवा ठिपकासुद्धा नाही. मी फोटो लॅपटॉपवर लावलाय, क्लायंटला दाखवते आणि मग बजेट ऐकून मिटवते.

राहिला रंग. आधी कुणीतरी सुचवलं गंजलेलं दिसणारं कोर्टेन स्टील वापरा, परदेशात बागांमध्ये मस्त दिसतं. दिसतं, पण त्याचा गंज घट्ट बसायला ते अधूनमधून कोरडं व्हावं लागतं, आणि आपल्या घाटातल्या पावसात जून ते सप्टेंबर कोरडं काय होतं, टॉवेलसुद्धा होत नाही. लाकडाला वाळवी नि शेवाळ. शेवटी साधं गॅल्व्हनाइज केलेलं, म्हणजे जस्ताचा थर दिलेलं स्टील, वर काही रंग नाही. पहिल्या वर्षी नव्या बादलीसारखं चमकत होतं, फोन आले, मी म्हटलं थांबा. दुसऱ्या पावसाळ्यानंतर ते राखाडी पडलं, शेजारच्या काळ्या खडकाच्या सावलीसारखं, आणि सकाळच्या धुक्यात खालच्या वळणावरून मलाच पूल शोधावा लागला.

मागच्या महिन्यात गेले तर पूल पोपटी. कुणीतरी मोठे पाहुणे येणार होते म्हणून चार दिवसांत घाईघाईने ऑइल पेंट मारला, गार्डमामांनी खाली बघतच सांगितलं. जस्तावर प्रायमरशिवाय तो टिकत नाही, उंबराच्या बाजूला पोपडे सुटायला लागलेच होते. मी नखाने एक सोलला, खाली राखाडी तसंच होतं. मामा म्हणाले, "मॅडम, दोन पावसाळे जाऊ द्या."