काळे-पांढरे एडिस वेगळे ओळखताना : पावसाळ्यातील नोंदी

या पावसाळ्यात पुण्यात घराच्या आसपास आणि टेकडीवर जमवलेल्या डासांमधून एडिस, म्हणजे डेंग्यू पसरवणाऱ्या वंशाचे डास, तेवढे बाजूला काढून त्यांची ओळख पक्की करण्याचे काम बऱ्यापैकी मार्गी लागले आहे. एजिप्टाय आणि अल्बोपिक्टस या एडिसच्या दोन जातींमधला नेहमी सांगितला जाणारा फरक वक्षाच्या पाठीवर असतो. एजिप्टायला दोन्ही कडांनी कोयत्यासारख्या वळलेल्या पांढऱ्या रेषा आणि त्यांच्यामध्ये दोन बारीक समांतर रेषा असतात, तर अल्बोपिक्टसला मधोमध एकच ठळक रेघ असते. ताज्या नमुन्यात हे दहापट भिंगातूनही दिसते. परंतु ही सारी नक्षी खवल्यांची असून ते खवले हाताळताना सहज झडतात, त्यामुळे टाळी वाजवून मारलेल्या डासाची केवळ पाठ पाहून जाती ठरवणे मला पटत नाही.

अशा नमुन्यात मी आधी क्लायपियस, म्हणजे सोंडेच्या मुळाशी असलेला लहानसा उंचवटा, पाहतो. एजिप्टायच्या मादीत त्यावर पांढऱ्या खवल्यांचे दोन ठिपके असतात आणि स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली बाजूने तिरपा प्रकाश टाकला की ते चांदीसारखे चमकतात. अल्बोपिक्टसचा क्लायपियस मात्र काळाभोर आणि खवलेविरहित असतो. त्यानंतर मधल्या पायाची मांडी पाहावी: तिच्या पुढच्या अंगाला लांब पांढरी रेघ असेल तर तो एजिप्टाय. गळालेले पाय त्याच कुपीत जपून ठेवावेत, ते इथे कामी येतात.

टेकडीवरच्या कातळातील डबक्यांतून आणलेल्या अळ्यांचे प्रौढ डास व्हिटेटस या एडिसच्याच आणखी एका जातीचे निघाले. वक्षावरच्या लहान पांढऱ्या ठिपक्यांच्या तीन जोड्यांमुळे त्यांच्याबाबत शंका उरत नाही.

शेजारी ‘डेंग्यूचा डास’ म्हणून जो मोठा डास हौसेने आणून देतात, तो बहुधा आर्मिजेरिस या वेगळ्याच वंशाचा असतो. त्याची सोंड खाली वाकलेली असते आणि तंगड्यांच्या टोकांकडे एडिससारखी पांढरी कडी नसतात.

आता अळ्यांचे काम हाती घेतले आहे. आठव्या उदरखंडावरील कंगव्याच्या (दातांसारख्या खवल्यांच्या समूहाच्या) प्रत्येक दाताला एजिप्टायमध्ये मधल्या काट्याच्या दोन्ही बाजूंना ठसठशीत उपकाटे असतात, अल्बोपिक्टसमध्ये मधला एकच मोठा काटा उठून दिसतो. त्यासाठी चौथ्या अवस्थेतील अळी निवडून तिची स्लाइड करावी लागते; त्याहून लहान अळ्या मी तूर्त वाढवत ठेवल्या आहेत.