पार्सल टाकलं की टाकून दिलं?

बुडापेस्टमधल्या एका मालवाहतूक कंपनीत मी आठवड्यातून दोनदा इंग्रजी शिकवते. तास सकाळी 7:30 ला, कारण आठनंतर यांचे फोन खणखणू लागतात. एचआरला एकच हौस: फ्रेझल व्हर्बचा, म्हणजे 'अप', 'आउट' असा तुकडा जोडला की अर्थ बदलणाऱ्या इंग्रजी क्रियापदांचा तक्ता. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे हंगेरियन, महिनाअखेरीस चाचणी. मीही मुकाट्याने करून देते.

परवा पन्नाशीच्या एक बाई रडवेल्या होऊन आल्या. "तॉनारनो," म्हणाल्या (म्हणजे आपलं 'बाई') आणि मोबाइल पुढे केला. इंग्लंडमधल्या गिऱ्हाइकाला त्यांनी कळवलं होतं, 'वी गेव्ह अप युअर पार्सल ऑन फ्रायडे.' त्याचं उत्तर एका शब्दाचं: 'व्हाय?'

मला आधी काही उमगेना. मग त्यांनी टेबलावरचं पाकीट उचललं आणि कोपऱ्यातल्या छापील शब्दावर बोट ठेवलं. 'फेलॉडो', म्हणजे पाठवणारा. 'फेल' म्हणजे वर, 'ऑड' म्हणजे देणं. गिव्ह अप! हार मानायची तरी फेलॉड, पत्र पोस्टात द्यायचं तरी फेलॉडच. आणि तक्त्यात 'गिव्ह अप'समोर मीच तो शब्द लिहून दिला होता, पुढेमागे काही न जोडता. बाईंनी तक्ता उजवीकडून वाचला, एवढंच.

लोकांना वाटतं, हंगेरियनांना फ्रेझल व्हर्ब अनोळखी असतात. कसले अनोळखी! क्रियापदाला चिकटणारे असे तुकडे, 'इगेकोतो', त्यांच्याकडे ढिगाने आहेत. नकार आला की तुकडा सुटून क्रियापदाच्या मागे जातो. 'पाठवलंस का?' याला नुसतं 'फेल' म्हटलं तरी होकार होतो. (माझ्या कानाला दर वेळी कुणीतरी नापास झाल्यासारखं वाटतं.) ओळखीचं वाटतं, तिथेच पाय घसरतो. 'छान दिसतेस' म्हणायला त्यांच्याकडे 'बाहेर बघणं' लागतं, म्हणून मला अधूनमधून 'यू लुक आउट व्हेरी गुड' अशी दाद मिळते.

मला लागलं ते वेगळंच. आपणही पत्र 'टाकतो' आणि नकोसं झालेलं 'टाकून देतो'. मला तरी हे सुचायला हवं होतं.

गिऱ्हाइकाला आम्ही दोघींनी मिळून दोन ओळींचा खुलासा धाडला. एचआरला काही बोलले नाही. त्यांनी तक्त्यात आणखी एक रकाना वाढवून मागितला असता.

पुढच्या तक्त्यात 'पिक अप' आहे. समोर 'फेलवेस' लिहायला घेतलं आणि थांबले. फोन उचलणं फेलवेस, कपडे अंगात घालणं फेलवेस, माणूस नोकरीवर घेणंही फेलवेस. रकाना अजून कोराच आहे.