तीन पायथन, एक मॉड्यूल: बिल्ड सुटला, आता बेतच बदलतोय

राजेहो, पावसाच्या सेन्सरचे बाइट्स वाचणारं आपलं पायथन मॉड्यूल पायथनच्या तीन आवृत्त्यांसाठी कंपाइल करायचं होतं, त्याच्या तिन्ही फाइली शेवटी शेजारी शेजारी आल्या. एकीच्या नावात सीपायथन-३९, दुसरीत ३११, तिसरीत ३१३. काल रात्री नुसतं एलएस (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) मारून तेच बघत बसलो होतो.

मांडणी अशी आहे. गच्चीवरच्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरवर लिनक्सची जुनी आवृत्ती बुल्सआय, म्हणजे पायथन ३.९. घरात कूलरसमोर पाय ५, त्यावर पुढची आवृत्ती बुकवर्म आणि ३.११. नव्या कार्डावर त्याहून नवी ट्रिक्सी, ३.१३. गच्चीवरचा अपग्रेड करून मोकळा हो, असं सांगणाऱ्यांनी मे महिन्यात नागपुरात येऊन टाकीखालचा तो डबा उघडून दाखवावा. नवतपा (मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस) संपेस्तोवर मी हात लावत नाही. तिथे कंपाइल करणंही बाद, चिप ८० अंशांवर गेली की आपोआप मंदावते. म्हणून सगळे बिल्ड घरातल्या बोर्डावर, बुल्सआयच्या कंटेनरात, म्हणजे त्याच बोर्डावर वेगळ्या चालवलेल्या बुल्सआयमध्ये. तिथली ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.३१ आहे. जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं, उलटं केलं तर गच्चीवर लोडच होत नाही.

आता मुख्य डोकेदुखी. सीमेकला (बिल्ड जुळवून देणारं साधन) ३.१३ चा पत्ता दिला, बिल्ड बिनतक्रार झाला, टेस्ट लावली तर ‘असं मॉड्यूलच नाही’. फाइल समोर पडलेली! नीट पाहिलं तर फाइलच्या नावाची शेपटी ३९ ची. ३.१३ फक्त स्वतःची शेपटी, एबीआय३ (अनेक आवृत्त्यांना चालणारी) किंवा आवृत्ती न लिहिलेलं साधं एसओ, एवढंच शोधतो. ३९ वालीकडे ढुंकूनही बघत नाही. शेपटी कापून साधं एसओ ठेवलं, तर पायबाइंडने (सी++ कोड पायथनला जोडणारी लायब्ररी) इम्पोर्टलाच अडवलं: हे ३.९ साठी कंपाइल झालंय, तुमचा इंटरप्रीटर ३.१३. त्याने अडवलं ते बरंच, नाहीतर पुढे कुठेतरी सेगफॉल्ट, म्हणजे प्रोग्रॅम अचानक कोसळण्याचं कारण, शोधत बसावं लागलं असतं.

गोम अशी की इंटरप्रीटरचा पत्ता सांगायला सीमेकमध्ये तीन नावं चालतात. एक ‘पायथन३’ने सुरू होणारं, एक नुसतं ‘पायथन’, आणि एक जुनं, सगळं मोठ्या अक्षरांतलं. तिघे सख्खे भाऊ, पण चुली वेगळ्या. एकाला सांगितलेलं दुसऱ्याला कळत नाही. मी पत्ता देत होतो पहिल्याला. पण पावसाच्या सेन्सरची डीकोडर लायब्ररी आपण सबप्रोजेक्ट म्हणून ओढतो ना, तिच्या फाइलमध्ये पायबाइंड आधी येतं आणि पायथन३ चा शोध खाली. आधी कुणी पायथन शोधलेलाच नसेल तर पायबाइंड २ जुन्या पद्धतीवर जातं, मोठ्या अक्षरांचं नाव वाचतं, आणि ते रिकामं दिसलं की कंटेनरातला सिस्टीम ३.९ उचलतं. टेस्ट मात्र पायथन३ वाल्या ३.१३ ने धावते.

इलाज दोन ओळींचा. सगळ्यात वर एकदाच ‘पायथन’चा शोध, इंटरप्रीटर आणि डेव्हलपमेंट.मॉड्यूल हे दोन घटक मागून, आणि सगळीकडे तेच एक नाव. डेव्हलपमेंट.मॉड्यूल सीमेक ३.१८ पासून आहे आणि बुल्सआयमध्ये नेमका ३.१८.४, म्हणजे थोडक्यात वाचलो. प्रत्येक आवृत्तीला बिल्ड फोल्डर वेगळा ठेवा. कॅशमध्ये जुना पत्ता एकदा बसला की नुसतं परत कॉन्फिगर करून तो हलेलच याचा भरवसा नाही. सीमेकचे प्रीसेट (आधीच लिहून ठेवलेल्या सेटिंग) ३.१९ पासून, त्यामुळे त्याऐवजी साधी शेल स्क्रिप्ट.

कंटेनरात पायथन ३.११ आणि ३.१३ आणायला पायएन्व सोडून यूव्ही घेतलं, दोन्ही पायथनच्या आवृत्त्या बसवणारी साधनं. पायएन्व सोर्समधून बांधतो. लिबएफएफआय या लायब्ररीची डेव्ह फाइल राहिली की सीटाइप्सशिवायचा (सी लायब्ररी वापरायचं मॉड्यूल नसलेला) पायथन हाती येतो आणि ते कळतं फार उशिरा. यूव्ही तयार बांधलेला उतरवतं. माझं मत पक्कं झालंय, वाद घालायचा तर बर्डीवर भेटा.

हे लिहिता लिहिताच वाटलं, तीन फाइली हव्यातच कशाला? आपलं मॉड्यूल बाइट्स घेतं, डिक्शनरी देतं, बस्स. लिमिटेड एपीआय (पायथनचा पुढच्या आवृत्त्यांतही न बदलणारा भाग) ३.९ वर बांधून साध्या सीमध्ये लिहिलं तर एकच एबीआय३ फाइल तिन्ही ठिकाणी चालेल. पायबाइंडला ते जमत नाही. त्याच्यासारख्याच नॅनोबाइंडला जमतं, पण ३.१२ पासून पुढे, म्हणजे गच्ची बाहेरच. अडचण एकच दिसतेय: बफर प्रोटोकॉल (कुठल्याही वस्तूतले बाइट्स थेट वाचायची सोय) लिमिटेड एपीआयमध्ये ३.११ ला आला, त्यामुळे मेमरीव्ह्यू वगैरे सोडून फक्त बाइट्स घेईन. चालतंय, सिरियलवरून तेच येतात. सीमेकची एबीआय३ साठीची सोय ३.२६ पासून, तेव्हा शेपटी हाताने लावणार.

पायबाइंडची शाखा सध्या तशीच ठेवतोय. ३२ बिटवाला बुल्सआय अजून कुणाकडे चालू असेल तर कळवा, त्याला वेगळा कंटेनर लागेल आणि तो मी आत्ताच बांधून ठेवीन.