नव्या चिपसेटच्या गर्दीत एलपीटी पोर्ट शोधताना

कुपवाड एमआयडीसीत आमचं लाकडी कोरीवकामाचं छोटं वर्कशॉप आहे. देव्हारे, दारांची पॅनेल, नेमप्लेट अशी कामं. फिरत्या कटरने लाकूड कोरणारं राउटर मशीन तीन ॲक्सिसचं, आणि ते चालवणारा पीसी जी४१ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणारी बोर्डावरची मुख्य चिप). त्यावर विंडोज एक्सपी आणि मशीन चालवणारं माक-३ हे सॉफ्टवेअर. २०२४ च्या पावसाळ्यानंतर हा पीसी चालू कामात आपोआप रीस्टार्ट व्हायला लागला. कव्हर काढलं तर प्रोसेसरशेजारचे कपॅसिटर वरून टम्म फुगलेले, एकाच्या डोक्यावर तपकिरी साका जमलेला. अर्ध्या जॉबवर पीसी गेला की सागाची फळी जळणात. बोर्ड बदलणं भागच होतं.

गेमिंगच्या नादातला भाचा म्हणाला, "मामा, आत्ता घेऊ नका. जानेवारीत नवे चिपसेट येतायत." कामाची घाई नव्हती, म्हणून थांबलो. इंटेलचा झेड८९० ऑक्टोबर २०२४ मध्येच आला होता. बी८६० आणि एच८१०, तसंच एएमडीचे बी८५० आणि बी८४० हे २०२५ च्या जानेवारीत आले. भाच्याने हौसेने तक्ता केला: पीसीआय-ई लेन (कार्डं, डिस्क जोडायच्या वाहिन्या) किती, यूएसबी किती, ओव्हरक्लॉकिंग आहे का. झेड८९० ला चिपसेटच्या २४ लेन, बी८६० ला १४, एच८१० ला ८. तक्ता छान होता, पण माझ्या मशीनच्या केबलला लागणारा २५ पिनांचा एलपीटी, म्हणजे जुन्या प्रिंटरचा पॅरलल पोर्ट, त्यात कुठेच नव्हता.

आधी हा पोर्टच का, ते सांगतो, कारण "यूएसबी टू पॅरलल केबल घ्या की" हा सल्ला मला भेटेल त्याने दिला. त्या केबलला विंडोज प्रिंटर म्हणून ओळखते. सॉफ्टवेअर जुन्या एलपीटीला ज्या ३७८ या पत्त्यावर थेट गाठतं, तो पत्ता तिला नसतो. माझं मशीन तर प्रिंटर नव्हेच. पिन २ ते ९ आणि १, १४, १६, १७ अशा १२ आउटपुटवरून स्टेपर मोटर फिरवणाऱ्या ड्रायव्हरला पल्स जातात, १०, ११, १२, १३, १५ या पाच इनपुटवर लिमिट स्विच आणि इमर्जन्सी स्टॉप. या पल्स पीसी स्वतः मोजून काढतो, दर २५ मायक्रोसेकंदाला पोर्टला हात लावून. यूएसबीचा ठेका साध्या वेगात १ मिलिसेकंदाचा आणि हायस्पीडला १२५ मायक्रोसेकंदांचा, म्हणजे इथे त्याचा उपयोग शून्य. यूएसबीवर चालणारे मोशन कंट्रोलर असतात, पण ते पल्स स्वतःच्या चिपमध्ये तयार करतात. त्याला वेगळे पैसे पडतात.

तक्त्यात पोर्ट का नाही, याचं उत्तर बोर्डाच्या रचनेत आहे. एलपीटी, कॉम (सिरियल पोर्ट), पीएस/२ (कीबोर्ड-माउसचा जुना गोल पोर्ट), पूर्वीची फ्लॉपी ही सगळी मंडळी चिपसेटमध्ये नसतातच. बोर्डावर सुपर आय/ओ नावाची वेगळी चिप असते, नुव्होटॉन किंवा आयटीई अशा कंपन्यांची. ती आधी एलपीसी आणि आता ईएसपीआय या छोट्या बसने चिपसेटला जोडलेली असते. त्या चिपमधले पोर्ट बाहेर आणायचे की नाही, हे बोर्ड बनवणारा ठरवतो.

चिपसेटमधून खरोखर ज्या गोष्टी गेल्या, त्यांची यादी निराळी आहे. २००६ च्या इंटेलच्या आयसीएच८ मध्ये आयडीई (जुन्या हार्डडिस्कची जोडणी) गेलं. २०११ च्या सहा मालिकेत पी६७ आणि एच६७ मधून पीसीआय (जुन्या कार्डांचा स्लॉट) गेलं, पण ऑफिसच्या क्यू६७ आणि बी६५ मध्ये राहिलं. २०१५ च्या स्कायलेकबरोबर जुना यूएसबी कंट्रोलर गेला आणि विंडोज ७ इन्स्टॉल करताना यूएसबी कीबोर्ड मुका व्हायला लागला. ज्यांच्याकडे पीएस/२ कीबोर्ड होता, त्यांचं निदान बोट तरी चाललं. व्हीजीए, म्हणजे मॉनिटरची जुनी जोडणी, तीही तेव्हाच गेली. आजच्या बोर्डावर दिसणारं निळं व्हीजीए हे डिस्प्लेपोर्टवरून रूपांतर करणाऱ्या वेगळ्या चिपचं असतं. प्रत्येक वेळी बोर्डवाल्यांनी एखादी जोडचिप लावून काही वर्षं काढली.

सहा मालिकेतली ती ऑफिसची गंमत मला महत्त्वाची वाटली. जुने पोर्ट टिकतात ते बँका, दुकानं, वजनकाट्यांसाठी काढलेल्या स्वस्त बोर्डांवर. झेड८९० वर आठ-दहा यूएसबी आणि वाय-फायचे अँटेना मिळतील, एलपीटी नाही. मला चिपसेटच्या उतरंडीत तळाशी जायचं होतं. शिवाय इंटेलचा नवा सॉकेट काय, एएमडीचा एएम५ काय, दोन्हींना फक्त डीडीआर५ रॅम चालते. लाकूड कोरायला ती कशाला?

तळाशी होता २०२२ चा एच६१०. डीडीआर४ चालते, आणि त्यावर आय३-१२१०० बसतो. या प्रोसेसरमध्ये चारही कोअर एकाच जातीचे, 'एफिशिअन्सी'वाले कोअर नाहीत. वेळेच्या कामाला हे बरं. एच६१० च्या काही ऑफिस बोर्डांवर एलपीटीचं हेडर असतं. मागच्या पट्टीवर पोर्ट नसतो, बोर्डावर २६ पैकी एक पिन काढलेल्या दोन रांगा असतात.

दुकानात हे विचारणं ही वेगळीच परीक्षा. "एलपीटी हेडरचा बोर्ड आहे का?" म्हटलं की काउंटरवरचा मुलगा विचारणार, "काका, प्रिंटर कुठला आहे? नवा घ्या, त्यात स्वस्त पडेल." मग मी विचारणंच सोडलं. प्रत्येक बोर्डाचं मॅन्युअल पीडीएफ उतरवायचं आणि आतल्या जोडण्यांचं पान उघडून 'एलपीटी' शोधायचं. नावात एका अक्षराचा फरक असलेल्या दोन बोर्डांत एकाला हेडर असतं, दुसऱ्याला फक्त कॉम. खोक्यावरच्या चित्रात हे कळत नाही.

बोर्ड आला, पण हेडरपासून २५ पिनांपर्यंत नेणारं ब्रॅकेट त्याबरोबर येत नाही. ते भंगारातल्या जुन्या पेंटियम पीसीतून मिळालं. लावण्याआधी मल्टिमीटरचा बझर लावून प्रत्येक तार तपासली: हेडरची १ कनेक्टरच्या १ ला, २ ही १४ ला, ३ ही २ ला. सपाट केबल सरळ दाबलेली असेल तर असाच क्रम येतो. बायॉसमध्ये पत्ता ३७८, मोड ईपीपी.

सॉफ्टवेअर बदलावंच लागलं. माक-३ चा पॅरलल ड्रायव्हर ६४-बिट विंडोजवर चालत नाही आणि विंडोज ११ ला ३२-बिट आवृत्तीच नाही. विंडोज १० ची मुदत तर १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपणार होती. म्हणून डेबियन १२ या लिनक्सवर लिनक्ससीएनसी हे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर टाकलं. त्यातली लेटन्सी टेस्ट पल्सचा ठेका किती चुकतो ते नॅनोसेकंदात दाखवते. १५ ते २० हजारांच्या आत असेल तर उत्तम, लाखाच्या पुढे असेल तर तो पीसी या कामाचा नाही. पहिला आकडा मनासारखा नव्हता. बायॉसमध्ये सी-स्टेट (प्रोसेसरची वीज वाचवायची झोप) आणि हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन कामं) बंद केलं, एक कोअर वेगळा राखला, मग तो आत आला. ॲक्सिस सरकवणाऱ्या माझ्या स्क्रूला मिलिमीटरला ३२० स्टेप लागतात. २५ मायक्रोसेकंदांच्या दोन ठोक्यांना एक स्टेप धरली तर सेकंदाला २० हजार, म्हणजे मिनिटाला ३,७५० मिमी. सागावर कटर त्याहून हळूच चालतो.

तरी एक्स ॲक्सिस मधेच स्टेप गाळायचा. पिन २ आणि १८ मध्ये मल्टिमीटर लावला तर 'हाय' असताना ३.३ व्होल्ट, जुना बोर्ड ५ द्यायचा. ड्रायव्हरच्या ऑप्टोची (आतल्या दिव्याच्या उजेडाने सिग्नल पुढे देणाऱ्या भागाची) एक बाजू ५ व्होल्टला बांधलेली, त्यामुळे बंद असतानाही तिथे १.७ व्होल्ट शिल्लक राहायचे आणि ऑप्टो धड विझायचा नाही. मध्ये ७४एचसीटी२४४ बफर असलेला ब्रेकआउट बोर्ड (पोर्टच्या तारा सुट्या करून देणारा जोडबोर्ड) टाकला. ही चिप २ व्होल्टच्या वरच्या सिग्नललाही 'हाय' मानते आणि पुढे पूर्ण ५ देते. तेव्हापासून स्टेप गळत नाहीत.

हेडरचा बोर्ड मिळाला नसता, तर पीसीआय-ई पॅरलल कार्डाचा पर्याय होता. त्याचा पत्ता ३७८ नसतो, पण लिनक्ससीएनसीत हवा तो पत्ता लिहिता येतो. पोर्टला परवान्याची किल्ली (डोंगल) लावून चालणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरचं मात्र तिथे अडतं, ते ३७८ वरच बघत बसतं.

आता दुसरं राउटर घ्यायचं चाललंय. त्याला इथरनेटवर चालणारा मोशन कंट्रोलर लावणार आहे. पल्स तोच काढेल आणि पीसी कुठल्याही चिपसेटचा चालेल, फक्त लॅनची जागा हवी. भाच्याने त्यासाठी पुन्हा तक्ता करायला घेतलाय, या वेळी लॅनचा रकाना पहिला.