तुम्ही विचारलंत म्हणून: बाहेरगावच्या बॅडमिंटन स्पर्धांना किती खर्च येतो?

मे महिन्याची शिबिरं संपली की पुण्यातल्या बॅडमिंटन हॉलबाहेर हा प्रश्न हमखास येतो. "मूल बरं खेळतंय, सर म्हणतात आता बाहेरगावच्या रँकिंग स्पर्धा, म्हणजे क्रमवारीचे गुण मिळतात त्या, खेळवा. वर्षाला किती धरून चालू?" अकादमीची फी विचारणाऱ्याला माहीत असते, त्याला हवा असतो त्यापुढचा आकडा. पण वर्षाचा एकच आकडा सांगून कोणाचंच भलं होत नाही. एका सामन्यामागे किती रुपये पडले, हा हिशोब मांडा. त्याने डोळे लवकर उघडतात.

बॅडमिंटनच्या स्पर्धा बाद पद्धतीच्या असतात, हरलात की परत. नमुन्यादाखल नागपूर घ्या. आई किंवा बाबा आणि मूल, दोघांची थ्री एसीची जायची-यायची तिकिटं 5,000. लॉजच्या चार रात्री, 1,800 प्रमाणे 7,200. पाच दिवसांचं खाणं 4,000, रिक्षा 1,500, प्रवेश फी आणि सरावाची शटलं 1,500. झाले 19,200. मूल क्वालिफाइंगची (मुख्य स्पर्धेआधीच्या पात्रता सामन्यांची) पहिली फेरी जिंकून दुसरीत हरलं तर सामने झाले दोन, म्हणजे सामन्याला 9,600 रुपये. एकतर्फी सामना वीस-पंचवीस मिनिटांत आटोपतो. तेच मूल पुण्यातली जिल्हा स्पर्धा एकेरी आणि दुहेरी खेळलं, चार सामने मिळाले आणि फी-पेट्रोल धरून 1,600 गेले, तर सामन्याला 400. शिकणं चार सामन्यांतच जास्त होतं. म्हणून बाहेरगावी जायचंच असेल तर दुहेरीचा जोडीदार प्रवेशाची मुदत संपायच्या आत ठरवून टाका. थोडी जादा फी भरून त्याच प्रवासात आणखी सामने मिळतात.

या हिशोबात चार रात्री कशा आल्या? परतीच्या तिकिटामुळे. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, ड्रॉ, म्हणजे कोण कोणाशी खेळणार याची यादी, मात्र स्पर्धेच्या तोंडावर लागतो. मूल कधी हरेल हे माहीत नसतं, मग आशेने शेवटच्या दिवसाचं तिकीट काढलं जातं आणि पहिल्या दिवशी हरल्यावर लॉजवर बसून राहावं लागतं. तत्काळच्या भरवशावर राहिलात तर ते आदल्या दिवशी उघडतं, एसीचं सकाळी 10 ला आणि स्लीपरचं 11 ला. नेमक्या त्या वेळी तुम्ही गॅलरीत बसलेले असता. शिवाय कन्फर्म झालेलं तत्काळ तिकीट रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत. त्यापेक्षा क्वालिफाइंग खेळणाऱ्या मुलाचं परतीचं साधं तिकीट दुसऱ्या दिवसाच्या रात्रीचं काढावं आणि लॉज रोजच्या रोज वाढवता येईल असा बघावा. मूल पुढे गेलंच तर तिकीट रद्द केल्याची कपात आनंदाने सोसा.

काही वेळा एक रात्र खेळामुळेच वाढते. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंचीवर आहे. इथली हवा मुंबई-रत्नागिरीपेक्षा थोडी विरळ असल्याने तेच शटल इथे लांब जातं. पुण्यात बेसलाइनला, म्हणजे मागच्या रेषेवर, पडणारा टॉस (उंच मारलेला फटका) किनाऱ्यावरच्या हॉलमध्ये हातभर आत पडतो आणि समोरचा स्मॅश मारतो. आयोजक वेगळ्या वेगाचं शटल वापरून हा फरक कमी करतात, तरी मोठ्या हॉलची हवा आणि उंच छतावरचे दिवे यांची सवय व्हायला अर्धा तास सराव लागतोच. त्यासाठी आदल्या संध्याकाळी पोचणं ही चैन नव्हे. ज्यांना ते जमत नाही त्यांचं मूल पहिला गेम शटल ओळखण्यातच घालवतं.

सामानात पैसे गळतात ते तारांमध्ये. एका रॅकेटला सुमारे 10 मीटर तार लागते, आणि ती तुटते तेव्हा सामना थांबत नाही. दुसरी रॅकेट तयार हवी, तीही त्याच ताणाची. पहिलीच्या तारेचा ताण 24 पाउंड आणि दुसरीचा 21 असेल तर शटल सैल सुटतं, चार पॉइंट बाहेर जातात आणि मूल घाबरतं. स्पर्धेच्या आठवडाभर आधी दोन्ही रॅकेट पुण्यातच एकाच माणसाकडून विणून घ्या, ऐन स्पर्धेत हॉलबाहेर विणून घेणं महागात पडतं. बुटांचं सांगायला नको, वाढत्या वयात माप बदलतच राहतं.

आता ज्या खर्चाची पावती मिळत नाही त्याबद्दल. आई-बाबांपैकी एकाची रजा संपते, आणि बहुतेक घरांत ती आईची असते. धाकट्या भावंडाचे शनिवार-रविवार आजीकडे जातात. पुण्याच्या एका टोकाच्या हडपसरहून दुसऱ्या टोकाच्या बालेवाडीला रोज संध्याकाळी नेणं-आणणं म्हणजे दोन-तीन तास रस्त्यावर, मुलाचा गृहपाठ गाडीत आणि जेवण रात्री साडेनऊला. ही भर दर महिन्याला पडते, तरी कोणाच्याच बजेटमध्ये नसते. दहा मिनिटांवरचा बरा हॉल तासाभरावरच्या नामवंत हॉलपेक्षा तेरा वर्षांच्या आतल्या मुलाला जास्त उपयोगी पडतो, असं माझं ठाम मत आहे.

दबाव याच वाटेने येतो. स्पर्धेहून परतलेल्या मुलांचे मेडलसकट फोटो ग्रुपवर पडतात, कोणी 'एक्स्पोजर' हा शब्द काढतं, आणि आपण मागे पडलो असं वाटून पुढची एन्ट्री भरली जाते. पाठोपाठ पर्सनल सेशन, फिटनेस ट्रेनर, सोबत येणाऱ्या कोचच्या तिकीट-लॉजचा वाटा. मुलाला हे सगळं कळत असतं. तिसऱ्या गेममध्ये 17-17 असताना ज्याची नजर कोचकडे न जाता गॅलरीकडे जाते, ते मूल बहुधा घरी पैशांची चर्चा ऐकून आलेलं असतं. मग ते रेषेजवळ मारायचं टाळतं, शटल कोर्टाच्या मध्यात ठेवतं आणि त्यामुळेच हरतं. "एवढे पैसे घालून आलो आणि तू..." हे वाक्य परतीच्या गाडीत कृपा करून बोलू नका. आपण किती स्पर्धा खेळू शकतो हे मुलाला वर्षाच्या सुरुवातीला शांतपणे सांगा, आणि सामन्याच्या दिवशी पैशांचा विषय काढू नका.

शरीराचाही हिशोब आहे. टाचेच्या मागे किंवा गुडघ्याच्या वाटीखाली, हाड जिथे वाढत असतं तिथे, दहा ते चौदा वर्षांच्या मुलांना अतिखेळाने दुखायला लागतं. पेनकिलर देऊन पुढची स्पर्धा खेळवली तर दुखणं महिनोन्महिने लांबतं. ढोबळ नियम असा, की आठवड्यात खेळाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना आठवड्यात एक-दोन दिवस आणि वर्षात दोन-तीन महिने त्या खेळापासून सुट्टी घ्या असं सांगते. स्पर्धेला जोडून केलेला रात्रीचा प्रवास ही विश्रांती नव्हे.

शिष्यवृत्तीने पुढे भरून निघेल या हिशोबावर कर्ज काढू नका. केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेची वर्षाला 6.28 लाखांची मदत ऐकून अनेकांचे डोळे दिपतात. ती निवड झालेल्या मोजक्या खेळाडूंना मिळते, आणि त्यातले हातात येणारे 1.20 लाख, म्हणजे महिन्याला 10,000. बाकीची रक्कम प्रशिक्षण, आहार, साहित्य यांवर खर्ची पडते.

मग स्पर्धा निवडायच्या कशा? वयोगट दोन-दोन वर्षांचे असतात, 13, 15, 17, 19 खालील, आणि वय 1 जानेवारीपासून मोजतात. डिसेंबरात जन्मलेलं मूल गटाच्या पहिल्या वर्षी जवळपास दोन वर्षांनी मोठ्या मुलांशी खेळतं. त्या वर्षी पुण्यातल्या, पिंपरी-चिंचवडच्या आणि एका रात्रीत परतता येणाऱ्या स्पर्धा खेळवा, लांबच्या दोनच ठेवा. पैसे आणि रजा दुसऱ्या वर्षासाठी राखा, तेव्हा गटात त्याच्याहून लहान मुलंही असतात आणि एका प्रवासात चार-पाच सामने मिळण्याची शक्यता वाढते. शाळेच्या घटक चाचण्यांच्या तारखा जूनमध्येच घ्या, शासनाच्या शालेय स्पर्धा कधी आहेत ते बघा, आणि सरांसमोर बसून प्रत्येक स्पर्धेपुढे एकच प्रश्न लिहा: इथे माझ्या मुलाला किती सामने मिळतील? उत्तर "एखादा" असेल तर ती एन्ट्री भरू नका.