कन्नी

रविवारी जेवणं आटोपल्यावर डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि रिमोटवर उडणाऱ्या नव्या छोट्या विमानाचं सेटिंग करायला बसलो. ट्रान्समीटर, म्हणजे हातातला रिमोट, चालू केला की आधी अडून बसतो. सगळे स्विच वर, थ्रॉटल खाली, मगच आत घेणार. चपला बाहेर काढून या म्हणतात तसं.

माझं खरं भांडण मात्र त्याच्या कॅन्सलच्या बटणाशी आहे. या सेटवर केलेला बदल ठेवायचा असेल तर कॅन्सल दाबून धरायचं. ओके नाही, कॅन्सल! नुसतं टिचकीसारखं दाबलं तर केलेलं सगळं वाया. पाच वर्षं झाली, अंगठा अजून आधी ओकेकडेच जातो. बायकोला हे सांगितलं तर म्हणाली, "मग तुमच्या आत्यासारखंच की. नको नको म्हणत ताट पुढे."

स्टिक उजवीकडे, उजवं एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी, वर. उलटं हललं, रिव्हर्स केलं. एक्स्पो 30 टक्के, म्हणजे मधल्यामध्ये माझ्या हाताची थरथर विमानापर्यंत पोचायला नको. ही पट्टी हलवणाऱ्या सर्व्होला बिचाऱ्याला एवढंच कळतं: दीड मिलिसेकंदाची पल्स आली तर मधोमध, एककडे गेली तर या टोकाला, दोनकडे गेली तर त्या. सेकंदाला 50 वेळा हेच ऐकायचं आणि कान टवकारून बसायचं.

नवीन नाव टाकायला मेमरीत जागा शोधताना तिसऱ्या विमानाच्या नंबरवर थांबलो. विमान सरळ राहावं म्हणून देतात त्या ट्रिमची खूण मध्यापासून चांगलीच उजवीकडे सरकलेली. चौदा क्लिक. तेव्हा आठवलं, त्या विमानाचा पंख मी वाकडा चिकटवला होता. सोडलं की डावीकडे झुकायचं.

येवल्याला मामाकडे संक्रांतीला पतंग असाच डावीकडे कन्नी खायचा. मामा तो खाली उतरवायचे, तळहातावर आडवा तोलून बघायचे, मग जुन्या धोतराची चिंधी दातानं फाडून उजव्या कोपऱ्याला कन्नी म्हणून गुंडाळायचे. किती गुंडाळायची याचं माप नाही. जिभेचं टोक ओठातून बाहेर आलेलं असायचं, ते आत गेलं की समजायचं, झालं. मी आपला मांज्याची आसारी धरून उभा. पतंग सरळ वर जायचा आणि मामा माझ्याकडे न बघता म्हणायचे, "ढील दे."

तर ते तिसरं विमान. मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर मी पहिल्याची मेमरी तशीच ठेवून ते उडवलं. त्याचं एलेव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटाची पट्टी, नेमकं उलट्या दिशेचं. वर ओढलं, तर नाक खाली घालून थेट ढेकळात. मोटर तेवढी वाचली. वाकडा पंख कचऱ्याच्या गाडीतून गेला, आणि त्याची कन्नी इथं अजून बांधलेली.

मेमरीत वीस विमानांची जागा आहे, उडणारी माझ्याकडे दोन. तेव्हा अडचण कसलीच नव्हती. तरी पुसून टाकावं म्हणून रिसेटपर्यंत गेलो. खरंच का, असं त्यानं विचारलं. मी कॅन्सल दाबलं. आखूड की लांब, तेवढं मात्र लक्षात नाही.