शिळं पाणी

माइकवरचे गृहस्थ ‘पाण्याचा थेंब न् थेंब’ इथवर आले आणि नेमकी तेव्हाच आईनं पिशवीतली बाटली काढली, उजेडात धरून निरखली, ‘ही कालची दिसते’ म्हणाली आणि अख्खी बाटली गवतात रिकामी केली. समोर पवई तलाव, मागे जलदिनाची निळी रांगोळी. भावानं कपाळाला हात लावला. आई ढिम्म. ‘झाडालाच घातलं ना?’

२२ मार्चच्या आगेमागे एखादा रविवार बघून पाणीबचतीचा हा मेळा दर वर्षी भरतो आणि आम्ही सहकुटुंब जातो. खरं कारण पुरीभाजी, कैरीची डाळ आणि एरवी फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सुप्रभात’ करणारी आतेभावंडं. मुलं चित्रकलेला बसतात. नळाला डोळे, डोळ्यांतून टपटप थेंब. बक्षीस हमखास त्याच नळाला.

मग प्रश्नमंजूषा. ‘मुंबईला पाणी देणारे सात तलाव सांगा.’ कुणीतरी पहिलंच नाव ‘पवई!’ असं ठोकतं. त्या पोराचं काय चुकलं? डोळ्यांसमोर एवढं पाणी पसरलेलं. पण १८९०च्या सुमारास बांधलेल्या या तलावाचं पाणी पिण्याच्या लायकीचं नाही, हे तेव्हाच थोड्या वर्षांत कळून चुकलं. पाय बुडवून बसावं, तर आत मगरी. जे खरोखर पाजतात त्यांची ओळख फक्त पावसाळ्यात, पेपरातल्या टक्केवारीपुरती. विहार १८६०पासून आपल्याला पाजतोय, इथून हाकेच्या अंतरावर आहे, पण त्याच्या काठावर चटई टाकायला कोण देतंय? म्हणून पाणी वाचवायचं ते न पिण्याच्या तलावाकाठी. असो.

आईचं हे शिळ्या पाण्याचं खूळ गिरगावातल्या चाळीतलं. पहाटे चारच्या सुमारास नळ आधी खाकरायचा, मग नुसता वारा, मग तांबूस पिचकारी, आणि मग गॅलरीभर एकच पुकारा, ‘पाणी आलं!’ त्याआधीच मोरीतलं पिंप ओणवं झालेलं असायचं. कालचं पाणी, स्वच्छ, झाकलेलं, निम्म्याहून जास्त उरलेलं, भळाभळा मोरीत जायचं. पितळेचा हंडा चिंचेनं घासून लख्ख, नळाच्या तोंडाला पांढरं फडकं, कळशीवर कळशी. ते फडकं रोज उकळून वाळत पडायचं आणि त्याला दुसरं कुणी हात लावलेला आईला खपत नसे. सगळं भरून झालं की ती कमरेवर हात ठेवून त्या भांड्यांकडे अशी बघायची, की पगार झाल्यावर बाबाही पाकिटाकडे तसे बघत नसत. मग आम्हाला उठवून पहिला पेला. ताजं पाणी!

पुढे माझ्या डोक्यात एक हिशेब शिरला. आपण मार्चमध्ये पितो ते पाणी पडलं कधी? गेल्या जुलै-ऑगस्टात. म्हणजे चांगलं सात-आठ महिन्यांचं मुरलेलं. वर तानसाहून शंभरेक किलोमीटर नळातून घरंगळत आलेलं. त्यात कालचं आणि आजचं काय करायचं? मोठ्या तोऱ्यात आईला हे ऐकवलं. ती म्हणाली, ‘तळ्यातलं शिळं होत नाही. पिंपातलं होतं.’ शास्त्रात याला उत्तर असेलही. मला सुचलं नाही.

उत्तर दिलं ते वहिनीनं, तेही न बोलता. लग्नानंतरच्या पहिल्याच पहाटे आईनं तिला सांगितलं, ‘पिंप ओत आणि विसळून घे.’ वहिनी पिंपाशी गेली आणि नुसती उभी राहिली. मग बादल्या मागवल्या, पातेली, टोप, शेवटी आंघोळीचा डबासुद्धा. एकेक तांब्या करून सगळं पिंप त्यांत उतरवलं, तोवर इकडे नळ जायची वेळ झाली. ‘सुनेला कामाचा उरक नाही,’ असं त्या दिवशी अख्ख्या मजल्याला कळलं.

वहिनीचं माहेर शहापूर तालुक्यातलं. तानसा तिथला, भातसाही तिथलाच. मुंबईकडे येणारे पुरुषभर उंचीचे नळ तिनं लहानपणापासून पाहिलेले. उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या गावापाड्यांवर टँकर येतो, आणि त्याच्यामागे हंडे घेऊन धावायचं काम पोरींचं.

परवा पुतणीनं सातही तलाव धडाधडा सांगितले आणि बक्षीस म्हणून प्लास्टिकची पाण्याची बाटली मिळवली. टाळ्या झाल्या. मी वहिनीला विचारलं, ‘गावी यंदा टँकर सुरू झाला?’

‘होळीच्या आधीच,’ ती म्हणाली. ‘पुऱ्या उरल्यात, घेताय ना भावजी?’